हुलग्याचं माडगं आणि संशोधनाचा प्रश्न



पीएच.डी.च्या मुलाखतीत "तुमचा संशोधन प्रश्न काय?" असं विचारलं की बरेच जण विषय सांगतात. विषय आणि प्रश्न यांतला फरक कळला नाही, तर पुढे सिनॉप्सिस लिहितानाही अडायला होतं. हा फरक आज एका स्वस्त पदार्थावरून समजून घेऊ. पदार्थ आहे हुलग्याचं माडगं. कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात, तोच आपला हुलगा.

शाहूपुरीतल्या आमच्या खोलीवर थंडीत रात्री बहुतेक वेळा हेच शिजतं. फेलोशिपचे पैसे हातात नसतात, तेव्हा पाव किलो पिठात दोघांच्या पाच रात्री निघतात.

कृती (दोघांसाठी)

हुलगे भाजून दळलेलं पीठ अर्धी वाटी, म्हणजे साधारण 50 ग्रॅम घ्या. ते आधी एक वाटी थंड पाण्यात कालवा. कोरडं पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं, तर बाहेरचा स्टार्च लगेच फुगून चिकट होतो, आत पाणी शिरत नाही आणि गुठळ्या होतात. पातेल्यात चमचाभर तेलावर जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि हळद परता. तीन वाट्या पाणी आणि मीठ घालून उकळी आणा. कालवलेलं पीठ हलवत हलवत ओता आणि मंद आचेवर दहा मिनिटं शिजवा. वरून कोथिंबीर घाला.

सोबत ज्वारीची भाकरी घ्या. 100 ग्रॅम हुलग्यात साधारण 22 ग्रॅम प्रथिनं असतात. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ती कसर हुलगा बऱ्यापैकी भरून काढतो.

आता प्रश्नाकडे येऊ

घरी म्हणतात, "हुलगा उष्ण असतो, थंडीत खावा." हा झाला विषय. त्यात किमान तीन वेगळे प्रश्न लपलेत. माडगं खाल्ल्यावर शरीराचं तापमान वाढतं का? नुसती ऊब वाटते का? की माडगं स्वतःच जास्त वेळ गरम राहतं? तिन्हींची मोजमापं वेगळी आहेत. पहिल्या दोन प्रश्नांना माणसं लागतील, नैतिक समितीची परवानगी लागेल. तिसरा प्रश्न मात्र आज रात्री खोलीवर तपासता येतो.

हाच प्रश्न काउंट रम्फर्ड यांना पडला होता. म्युनिकमध्ये गरिबांसाठी बार्ली आणि वाटाण्याचं स्वस्त सूप बनवणारे हे शास्त्रज्ञ. शिजवलेली सफरचंदं इतका वेळ गरम कशी राहतात, या कुतूहलातून ते द्रवांतल्या उष्णतेच्या वहनाकडे वळले. त्यावरचा त्यांचा निबंध 1797 चा आहे. कारण असं, की साध्या पाण्यात गरम भाग वर आणि गार भाग खाली असं फिरत राहतं. दाट पदार्थात हे फिरणं मंदावतं, त्यामुळे मधला भाग गरमच राहतो. म्हणून तर वरून निवलेलं माडगं जीभ भाजतं!

तपासायचं कसं?

दोन सारख्या स्टीलच्या वाट्या घ्या. एकीत पाणी, दुसरीत तेवढंच माडगं. दोन्ही 70 अंशांवर असताना सुरुवात करा आणि दर पाच मिनिटांनी तापमान लिहा. थर्मामीटरचं टोक दोन्हीकडे मधोमध, एकाच खोलीवर हवं.

पण थांबा. माडग्यावर साय धरते, तिने बाष्पीभवन कमी होतं. मग फरक दाटपणामुळे पडला की सायीमुळे? याला गोंधळात टाकणारा चल म्हणतात. उपाय म्हणजे दोन्ही वाट्यांवर सारखी झाकणं ठेवा. प्रयोग तीनदा करा. एकदाच आलेल्या आकड्यावर निष्कर्ष काढू नका.

आता प्रश्न नीट लिहिता येईल: "झाकलेल्या वाटीत, 70 अंशांपासून, माडग्याचा मधला भाग पाण्यापेक्षा हळू निवतो का?" यात काय मोजायचं, कशाशी तुलना करायची आणि कोणत्या अटीत, हे सगळं आलं. उत्तर 'नाही' येण्याचीही सोय आहे. ती नसेल, तर तो संशोधन प्रश्नच नाही.

तुमचा विषय याच तीन कसोट्यांवर घासून बघा: काय मोजणार, कशाशी तुलना करणार, कोणत्या अटीत? एका ओळीत मावला तर कमेंटमध्ये लिहा. आणि अभ्यासाच्या नादात रात्रीचं जेवण टाळू नका, अर्धी वाटी पीठ पुरतं.