आधी यादी, मग मत

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवार १५ जानेवारी २०२६ रोजी, अमरावती आणि अकोल्यासह राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान होत आहे. दुसऱ्या दिवशी मतमोजणी आहे. अमरावतीत २२ प्रभागांतून ८७ आणि अकोल्यात २० प्रभागांतून ८० नगरसेवक निवडून द्यायचे आहेत. पठाण चौक असो की ताजनापेठ, रिक्षांवरचे भोंगे सकाळपासून सुरू आहेत. कोण निवडून येणार, कोणाची मते फुटणार, याची चर्चा चहाच्या टपरीपासून लग्नाच्या दस्तरखानापर्यंत पोहोचली आहे.

ही चर्चा होतच राहील. आम्हाला येथे त्याआधीचा प्रश्न विचारायचा आहे. आपल्या घरातील किती जणांची नावे मतदार यादीत आहेत, आणि ती कशी लिहिलेली आहेत? मतदानाच्या दिवशी केंद्रावरून परत येणारे मत अनेकदा त्या दिवशी हुकलेले नसते. ते वर्ष-दोन वर्षे आधीच, घरातल्या दुर्लक्षाने हुकलेले असते.

नऊ वर्षांनंतरची निवडणूक

दोन्ही शहरांत महापालिकेसाठी यापूर्वीचे मतदान २१ फेब्रुवारी २०१७ रोजी झाले होते. त्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभाग रचना यांचे वाद न्यायालयात गेले आणि निवडणुका लांबत राहिल्या. तेव्हापासून प्रशासकच कारभार पाहत आले. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला.

याचा अर्थ घरातल्या माणसांवरून समजून घेऊ. मार्च १९९९ मध्ये जन्मलेल्या मुलाला मागील वेळी अठरा पूर्ण व्हायला महिनाभर कमी पडला. या निवडणुकीच्या वेळी तो २६ वर्षांचा आहे, कदाचित एका मुलाचा बाप आहे, आणि त्याने नगरसेवकासाठी अजून एकदाही मत दिलेले नाही. मोहल्ल्यातील नाली, पथदिवे, घंटागाडी, मनपाची उर्दू शाळा, जन्म-मृत्यूची नोंद ही सगळी कामे महापालिकेची. जवळजवळ चार वर्षे या कामांचे अंदाजपत्रक लोकांनी निवडलेल्या सभागृहाविना मंजूर होत राहिले. आपल्या वतीने उभे राहून प्रश्न विचारणारे तेथे कोणी नव्हते.

यादीत आपण कोण आहोत?

वऱ्हाडात आपल्या नावांची एक खास पद्धत आहे. शेख रहीम शेख करीम हे नाव एका कागदावर पूर्ण असते, दुसऱ्यावर ‘शे. रहीम शे. करीम’, तिसऱ्यावर नुसते ‘रहीम शेख’. मोहम्मदचे ‘मो.’ होते, सय्यदचे ‘सै.’ आणि अब्दुलचे ‘अ.’. बायकांची नावे तर आणखी बदलतात. शाळेच्या दाखल्यावर शबाना परवीन, निकाहनंतर शबाना बी, आधारवर शबाना बानो. मोहल्ल्यात सगळे ओळखतात, त्यामुळे आपल्याला यात काही वावगे वाटत नाही. यादी तपासणाऱ्याला मात्र ही तीन वेगळी माणसे वाटू शकतात.

दुसरी अडचण लग्न झालेल्या मुलींची. मुलगी अकोल्याच्या बैदपुऱ्यातून अमरावतीच्या छायानगरात सासरी आली. नाव मात्र माहेरच्या यादीत राहिले. मतदानासाठी कोणी तिला अकोल्याला पाठवत नाही आणि अमरावतीत तिचे नाव नाही. भाड्याचे घर बदलणाऱ्या आणि कामासाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या कुटुंबांचेही असेच होते.

एका-एका नावाने काय फरक पडतो, असे वाटत असेल तर नोव्हेंबर २०२४ मधील विधानसभेचा अकोला पश्चिमचा निकाल आठवा. तेथे विजयी आणि पराभूत उमेदवारांमध्ये अवघ्या १,२८३ मतांचे अंतर होते. त्या वेळी एका मतदान केंद्राच्या यादीत साधारणपणे कमाल १,५०० मतदार ठेवले जात. म्हणजे एका संपूर्ण मतदारसंघाचा निकाल एका केंद्राच्या यादीपेक्षाही कमी मतांनी ठरला. निकाल कोणाला आवडला, कोणाला नाही, हा भाग वेगळा. प्रभागाच्या निवडणुकीत तर मतदार त्याहून कितीतरी कमी असतात.

या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादी प्रभागांप्रमाणे विभागून वापरली जात आहे. त्यामुळे आता नवे नाव घालता येणार नाही. मात्र नाव कोणत्या प्रभागात आणि कोणत्या केंद्रावर आहे, हे आजच पाहून ठेवा. एकाच घरातील माणसे दोन केंद्रांत विभागली जाणे नवीन नाही. नावापुढे दोन तारे असतील तर ते नाव दुबार असल्याची शंका आहे, असे समजावे. अशा मतदाराला केंद्रावर हमीपत्र द्यावे लागू शकते. त्याने घाबरून घरी बसू नये, ओळखपत्र घेऊन जावे.

एक मतदार, चार मते

मतदानाची वेळ सकाळी साडेसात ते सायंकाळी साडेपाच आहे. लोकसभा-विधानसभेला आपण एकच बटण दाबतो. येथे प्रभागात बहुतेक ठिकाणी चार जागा आहेत, आणि प्रत्येक जागेसाठी वेगळे मत द्यायचे आहे. पहिले बटण दाबून बाहेर पडण्याची घाई करू नये. एखाद्या जागेसाठी कोणीच पसंत नसेल तर ‘नोटा’ आहे. घरातील वयस्कर मंडळींना हे आदल्या रात्री कागदावर चार चौकटी काढून समजावून सांगा.

नकाब घेणाऱ्या भगिनींना ओळख पटवण्यासाठी चेहरा दाखवावा लागतो. महिला कर्मचाऱ्यासमोर तो दाखवण्याची विनंती त्या करू शकतात. या कारणाने मत सोडून येण्याची गरज नाही.

महापालिकेत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. म्हणजे अमरावतीत किमान ४४ आणि अकोल्यात किमान ४० महिला सभागृहात बसणार. उमेदवार बाई आणि फोन उचलणारा तिचा नवरा, असे चित्र आपल्या मोहल्ल्यांतही दिसते. प्रचाराला आलेल्या उमेदवार भगिनीला घरात बसवून तिलाच प्रश्न विचारा. घरातील स्त्रियांना मतदानाला नेणे पुरेसे नाही. कोणाला मत द्यायचे, हा मशवरा त्यांच्याशीही व्हायला हवा.

मत ही साक्ष आहे

अनेक उलमांनी मताला शहादत, म्हणजे साक्ष म्हटले आहे. अमुक माणूस या कामाला लायक आहे, अशी साक्ष आपण देतो. अमानत तिच्या पात्र माणसाच्या हवाली करावी, आणि साक्ष देताना स्वतःच्या नातलगांचाही मुलाहिजा ठेवू नये, ही शिकवण सूरह निसामध्ये आहे. पाचशेची नोट, साडी किंवा बिर्याणीचे डबे घेऊन दिलेली साक्ष कोणत्या प्रकारात मोडते, हे वेगळे सांगायला नको. बिरादरीचा आहे म्हणून नालायकाला, आणि बिरादरीचा नाही म्हणून लायकाला नकार, हेही त्याच तराजूत तोलावे.

अकोल्याचाच इतिहास पाहा. १९६२ मध्ये मोहम्मद मोहिबुल हक, आणि १९६७ व १९७१ मध्ये के. एम. असगर हुसेन हे अकोल्यातून लोकसभेवर निवडून गेले. या मतदारसंघात मुस्लिम बहुसंख्य नव्हते. कुणबी, माळी, दलित, व्यापारी अशा शेजाऱ्यांच्या मतांशिवाय हे झाले नसते. आपणही उमेदवाराकडे त्याच नजरेने पाहिले पाहिजे.

निवडणुकीच्या दिवसांत मोबाईलवर येणारा प्रत्येक संदेश हीही एक साक्षच आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात काय झाले, ते आपण विसरलेलो नाही. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले, आणि रोज कमावून खाणाऱ्यांच्या घरी चूल पेटेना, मग ते कोणत्याही धर्माचे असोत. अकोल्यात ठिणगी पडली ती समाजमाध्यमावरील एका पोस्टवरून. खातरजमा न करता काहीही पुढे पाठवू नका, आणि मुलांच्या फोनवर काय फिरते आहे त्याकडेही लक्ष द्या.

१६ जानेवारीनंतर

गुलाल उधळून झाला की आपले काम संपत नाही. आधी कोणते काम कोणाचे, हे माहीत हवे. अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचे पाणी महापालिका पुरवते. अमरावतीला अप्पर वर्धाचे पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पुरवते. त्यामुळे नळाला पाणी आले नाही तर दोन शहरांत दोन वेगळ्या दारांवर जावे लागते. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकार कायदा आहे. दहा रुपये शुल्क लागते आणि तीस दिवसांत माहिती देणे बंधनकारक असते.

दुसरे काम यादीचे. बिहारमध्ये २०२५ साली मतदार यादीची विशेष सखोल पडताळणी झाली, तेव्हा प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे गळली. ती नावे कारणांसह जाहीर करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. नोव्हेंबर २०२५ मध्ये आणखी १२ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत हे काम सुरू झाले. आज ना उद्या ते आपल्याकडेही येईल, असे धरून तयारी ठेवावी.

शिवाय २०२५ च्या सुरुवातीपासून उशिरा नोंदणीच्या जन्म दाखल्यांवरून आपल्याच दोन जिल्ह्यांची नावे बातम्यांत होती. चौकशीसाठी विशेष पथक नेमले गेले. ज्यांचे कागद अस्सल आहेत त्यांनी भिण्याचे कारण नाही, पण ते हाताशी असले पाहिजेत. आजोबा-पणजोबांच्या जन्माची नोंद गावच्या कोतवाल बुकात असू शकते. तहसीलमधून तिची नक्कल मागा. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा आणि टीसी काढून ठेवा. दलालाला पैसे देऊन कागद ‘बनवून’ घेणे हा गुन्हा आहे, आणि त्यात सगळे घर अडकते.

नवे नाव नोंदवायला नमुना ६, दुरुस्ती किंवा पत्ता बदलण्यासाठी नमुना ८. अठरा वर्षे मोजण्यासाठी आता वर्षातून चार तारखा धरल्या जातात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. तुमच्या नावावर कोणी नमुना ७ भरून हरकत घेतली तर तुमचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. खोटे निवेदन करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे.

रजबचा महिना चालू आहे. पुढे शाबान, मग रमजान. रमजानच्या आधी आपण घर झाडून-पुसून काढतो, तसे या वर्षी कागदही काढून बसू या. एका वहीत घरातील प्रत्येकाचे नाव जसे आधारवर आहे, जसे टीसीवर आहे आणि जसे यादीत आहे, तसे तीन रकान्यांत लिहा. जेथे तीन रकाने जुळत नाहीत, तेथून कामाला सुरुवात करा. मोहल्ल्यातील दोन शिकलेल्या मुलींनी असरनंतर तासभर बसायचे ठरवले, तर एका गल्लीचे काम रमजानच्या चांदरातीपर्यंत संपेल, इन्शाअल्लाह.