ह्युस्टनमधील लोकसंख्यावाढ आणि रोजगार

ह्युस्टन हे अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील सर्वाधिक लोकसंख्येचे शहर असून न्यू यॉर्क, लॉस एंजेलस आणि शिकागो यांच्यानंतर देशातील चौथ्या क्रमांकाचे शहर आहे. २०२० च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या २३,०४,५८० आणि महानगर क्षेत्राची सुमारे ७१ लाख होती. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ४५ हजारांहून कमी वस्ती असलेले हे गाव बंदर, खनिज तेल, वैद्यकीय सेवा आणि अवकाश संशोधन यांतून निर्माण झालेल्या रोजगाराच्या बळावर वाढले. तथापि येथील लोकसंख्या रोजगारामागून सरळ रेषेत वाढत गेलेली नाही. रोजगार मोठ्या प्रमाणावर घटला त्या काळातही शहराची लोकसंख्या कमी झाली नाही, आणि अलीकडच्या काळातील बहुतेक वाढ शहराच्या हद्दीबाहेर झाली आहे.

पार्श्वभूमी

ऑगस्टस आणि जॉन ॲलन या न्यू यॉर्कहून आलेल्या बंधूंनी १८३६ साली बफेलो बायू या संथ प्रवाहाच्या काठी ह्युस्टनची स्थापना केली. टेक्सासच्या स्वातंत्र्ययुद्धातील सेनापती सॅम ह्युस्टन यांचे नाव शहराला देण्यात आले. एकोणिसाव्या शतकात ते कापूस व लाकूड यांच्या व्यापाराचे आणि रेल्वेचे केंद्र होते. या भागातील प्रमुख बंदर मात्र समुद्रकाठचे गॅल्व्हेस्टन हे होते.

दोन घटनांनी ही स्थिती पालटली. सप्टेंबर १९०० मधील चक्रीवादळाने गॅल्व्हेस्टन उद्ध्वस्त केले आणि हजारो लोकांचा बळी घेतला. त्यानंतर चारच महिन्यांनी, जानेवारी १९०१ मध्ये, ह्युस्टनच्या पूर्वेस ब्युमाँट शहराजवळील स्पिंडलटॉप येथे तेलाचा प्रचंड साठा सापडला. समुद्रापासून आत असलेल्या, वादळापासून तुलनेने सुरक्षित अशा बंदराची गरज भासू लागल्यावर बायू खोल व रुंद करून ह्युस्टन जहाज कालवा तयार करण्यात आला. त्याचा निम्मा खर्च स्थानिक करदात्यांनी उचलला. १९१४ साली कालवा खुला झाला आणि पुढे त्याच्या काठी तेलशुद्धीकरण व पेट्रोरसायनांचे कारखाने उभे राहिले. विदेशी जलवाहतुकीच्या मालवजनाचा विचार करता ह्युस्टन हे आज अमेरिकेतील पहिल्या क्रमांकाचे बंदर गणले जाते.

लोकसंख्यावाढ

दशवार्षिक जनगणनेनुसार ह्युस्टन शहराची लोकसंख्या पुढीलप्रमाणे आहे :

१९०० – ४४,६३३
१९३० – २,९२,३५२
१९५० – ५,९६,१६३
१९८० – १५,९५,१३८
१९९० – १६,३०,५५३
२००० – १९,५३,६३१
२०१० – २०,९९,४५१
२०२० – २३,०४,५८०

हे आकडे वाचताना शहराची हद्द स्थिर नव्हती हे लक्षात घ्यावे लागते. टेक्सासच्या कायद्यानुसार मोठ्या शहरांना लगतच्या वस्त्या तेथील रहिवाशांच्या संमतीविना हद्दीत सामील करून घेता येत असत. ह्युस्टनने या अधिकाराचा मुक्त वापर केला. १९४९ साली एकाच विस्तारात शहराचे क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट झाले, तर १९९६ साली स्थानिकांचा विरोध असतानाही किंगवुड ही वसाहत शहरात समाविष्ट करण्यात आली. त्यामुळे विसाव्या शतकातील वाढीचा काही भाग नव्याने आलेल्या लोकांचा, तर काही भाग केवळ हद्दवाढीचा आहे. २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलून अशा समावेशनासाठी रहिवाशांची संमती आवश्यक केली.

परिणामी शहर आणि महानगर यांच्या वाढीतील अंतर रुंदावले आहे. २०१० ते २०२० या दशकात शहराची लोकसंख्या सुमारे १० टक्क्यांनी, तर महानगराची सुमारे २० टक्क्यांनी वाढली. फोर्ट बेंड काउंटीची लोकसंख्या ५.८५ लाखांवरून ८.२३ लाखांवर आणि माँटगोमेरी काउंटीची ४.५६ लाखांवरून ६.२० लाखांवर गेली. अनेक नवीन नोकऱ्याही शहराच्या कडेला किंवा बाहेर निर्माण झाल्या. एक्सॉनमोबिल या तेल कंपनीने आपले मुख्यालय २०२३ मध्ये हद्दीबाहेरील स्प्रिंग येथे हलवले.

तेल आणि रोजगार

१९७३ च्या अरब तेलबंदीनंतर तेलाचे भाव चौपटीच्या आसपास गेले. उर्वरित अमेरिका मंदीत असताना ह्युस्टनमध्ये कामगारांची टंचाई होती. मिशिगनसारख्या राज्यांतील मोटार कारखान्यांत काम गमावलेले अनेक जण या काळात ह्युस्टनला आले.

१९८२ नंतर हे चित्र उलटले. तेलाचे भाव उतरत गेले आणि १९८६ मध्ये कोसळले. १९८२ ते १९८७ या काळात ह्युस्टन परिसरातील दोन लाखांहून अधिक नोकऱ्या नाहीशा झाल्या. तेलविहिरींची अवजारे बनवणाऱ्या कारखान्यांपासून बांधकाम व्यवसायापर्यंत सर्वांना झळ पोहोचली, हजारो कर्जदारांची घरे जप्त झाली आणि दशकाच्या अखेरीस टेक्सासमधील दहा सर्वांत मोठ्या बँकांपैकी नऊ बँका बुडाल्या किंवा दुसऱ्यांच्या ताब्यात गेल्या.

तरीही १९८० आणि १९९० च्या जनगणनांची तुलना करता शहराची लोकसंख्या घटलेली दिसत नाही. तेजीच्या काळात बांधलेल्या हजारो सदनिका रिकाम्या पडल्याने भाडी कमालीची उतरली होती. मेक्सिको, मध्य अमेरिका, व्हिएतनाम आणि इतर देशांतून आलेल्या स्थलांतरितांनी या वस्त्यांत आसरा घेतला. आज शहरातील चारांपैकी एकाहून अधिक रहिवासी परदेशात जन्मलेले आहेत. हिस्पॅनिक वंशाच्या रहिवाशांचे प्रमाण सुमारे ४४ टक्के असून तो शहरातील सर्वांत मोठा गट आहे. महानगराच्या नैर्ऋत्येकडील शुगर लँड व परिसरात भारतीय वंशाच्या लोकांची मोठी वस्ती आहे.

अर्थव्यवस्थेचे विविधीकरण

१९८० च्या दशकातील मंदीनंतर तेलाखेरीज इतर क्षेत्रांचे महत्त्व वाढले. १९४५ साली स्थापन झालेले टेक्सास मेडिकल सेंटर हे जगातील सर्वांत मोठे वैद्यकीय संकुल मानले जाते. तेथील रुग्णालये, महाविद्यालये आणि संशोधन संस्थांत एक लाखाहून अधिक लोक काम करतात. नासाने १९६१ मध्ये मानवी अवकाशयान केंद्रासाठी ह्युस्टनची निवड केली. १९७३ पासून ते जॉन्सन अवकाश केंद्र या नावाने ओळखले जाते. बंदर, मालवाहतूक, बांधकाम व शिक्षण ही रोजगाराची अन्य मोठी क्षेत्रे आहेत. २०२३ मध्ये महानगरातील बिगरशेती नोकऱ्यांची संख्या ३३ लाखांहून अधिक होती.

या बदलाची कसोटी २०१४ नंतर लागली. प्रतिपिंप १०० डॉलरहून अधिक असलेला तेलाचा भाव २०१६ च्या प्रारंभी ३० डॉलरच्या खाली गेला आणि तेल उत्खनन क्षेत्रातील हजारो नोकऱ्या गेल्या. मात्र स्वस्त नैसर्गिक वायूमुळे जहाज कालव्याकाठी पेट्रोरसायन प्रकल्पांची बांधकामे जोरात होती आणि आरोग्यसेवेतील भरती चालू होती. त्यामुळे एकूण रोजगार १९८० च्या दशकाप्रमाणे कोसळला नाही. याच काळात हॅरिस काउंटी सोडून देशात इतरत्र गेलेल्यांची संख्या तेथे येणाऱ्यांपेक्षा अधिक झाली. ही तूट जन्मदर आणि विदेशी स्थलांतर यांनी भरून काढली. ऊर्जा क्षेत्राचा प्रभाव मात्र संपलेला नाही. शेव्हरॉन कंपनीने २०२४ मध्ये आपले मुख्यालय कॅलिफोर्नियातून ह्युस्टनला हलवण्याची घोषणा केली.

घरबांधणी आणि राहणीमान

ह्युस्टन हे झोनिंग कायदा नसलेले अमेरिकेतील सर्वांत मोठे शहर आहे. कोणत्या भागात निवास आणि कोठे व्यवसाय असावा हे ठरवणाऱ्या या कायद्याचा प्रस्ताव मतदारांनी १९४८, १९६२ आणि १९९३ मध्ये फेटाळला. १९९८ पासून शहराच्या मध्यभागी लहान भूखंडांवर घरे बांधण्यास परवानगी मिळाल्याने जुन्या एका घराच्या जागी दोन-तीन अरुंद घरे उभी राहू लागली. मुबलक जमीन व सुलभ परवाने यांमुळे घरांच्या किमती कॅलिफोर्निया किंवा न्यू यॉर्कच्या तुलनेत कमी राहिल्या. राज्यात व्यक्तिगत प्राप्तिकर नाही. मात्र मालमत्ता कर तुलनेने जास्त आहे.

स्वस्ताईचा लाभ सर्वांना सारखा मिळत नाही. शहरातील सुमारे पाचांपैकी एक रहिवासी दारिद्र्यरेषेखाली आहे. टेक्सासमध्ये किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर या संघीय पातळीवरच आहे आणि आरोग्य विमा नसलेल्यांचे प्रमाण देशात सर्वाधिक आहे. जगातील सर्वांत मोठे वैद्यकीय संकुल असलेल्या शहरात ही विसंगती विशेष जाणवते. विस्तीर्ण वस्ती आणि मर्यादित सार्वजनिक वाहतूक यांमुळे बहुतेक नोकरदारांना मोटारीवाचून पर्याय नसतो.

पूर आणि वाढीची मर्यादा

ह्युस्टनचा प्रदेश सपाट व चिकणमातीचा असल्याने पावसाचे पाणी सावकाश ओसरते. पश्चिमेकडील गवताळ कुरणांच्या जागी वसाहती व रस्ते झाल्याने पाणी मुरण्याची जागा कमी झाली. ऑगस्ट २०१७ मधील हार्वे वादळात काही भागांत चार दिवसांत १,००० मिमीहून अधिक पाऊस पडला. १९४० च्या दशकात बांधलेल्या ॲडिक्स आणि बार्कर या पूरनियंत्रक जलाशयांच्या बुडीत क्षेत्राची सर्व जमीन शासनाने संपादित केलेली नव्हती. उरलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या वसाहती त्या वेळी पाण्याखाली गेल्या.

त्यानंतर शहराने पूरप्रवण क्षेत्रातील नवीन घरांची जोती अधिक उंच ठेवण्याचा नियम २०१८ मध्ये लागू केला. त्याच वर्षी हॅरिस काउंटीच्या मतदारांनी पूरनियंत्रणासाठी २.५ अब्ज डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. अशा नियमांनी घरे सुरक्षित होत असली तरी बांधकामाचा खर्च वाढतो, आणि ह्युस्टनकडे लोकांना आकर्षित करणाऱ्या कारणांत स्वस्त घर हे नोकरीइतकेच महत्त्वाचे राहिले आहे. २०२४ च्या अंदाजानुसार महानगराची लोकसंख्या सुमारे ७८ लाखांवर पोहोचली असून पूरसुरक्षा आणि परवडणारी घरे यांचा मेळ घालणे हा तेथील नियोजनाचा प्रमुख प्रश्न आहे.