पालक तुरुंगात, मूल वर्गात

कोलवाळचे मध्यवर्ती कारागृह आपल्यापासून फार दूर नाही. पेडण्याहून म्हापशाला जाताना नदीवरचा पूल ओलांडला की कोलवाळ लागते. २०१५ साली आग्वादचा तुरुंग बंद झाला आणि तेथील कैदी इथे आणले गेले. कैद्यांच्या बातम्या छापून येतात, पण त्यांच्या मुलांविषयी कोणी बोलत नाही. अशी मुले पेडणे-डिचोलीच्या कोणत्याही शाळेत असू शकतात. त्यांना मोठ्यांचा आधार कसा देता येईल, हे येथे थोडक्यात मांडत आहोत.

आपल्या देशात तुरुंगातील दर चार जणांपैकी सुमारे तिघे कच्चे कैदी असतात, म्हणजे त्यांच्या खटल्याचा निकाल लागलेला नसतो. गाव मात्र आधीच निकाल देऊन टाकते. पुढे गुन्हा सिद्ध झाला तरी मुलाचा त्यात काय दोष? घरी त्याला ‘बाबा बोटीवर गेलेत’ असे सांगितलेले असते आणि खरे काय ते मधल्या सुट्टीत कोणीतरी चिडवून सांगते. मग मूल गप्प राहते, चिडते किंवा शाळा बुडवू लागते.

आई तुरुंगात असेल तर मूल तिच्याजवळ राहू शकते, पण सहा वर्षांचे होईपर्यंतच. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तसे ठरवून दिले. सहावे वर्ष म्हणजे पहिलीत जाण्याचे वय. आईपासून दूर झालेले मूल नेमके त्याच वेळी शाळेच्या दारात येते.

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात २००० साली अशा मुलांसाठी एक उपक्रम सुरू झाला. त्याचे नाव ‘अमाची’. शब्द नायजेरियातील इग्बो भाषेतला असला, तरी आपल्या कानाला तो ‘आमची’ असाच ऐकू येतो! उपक्रमाचे प्रमुख विल्सन गुड हे त्या शहराचे माजी महापौर. त्यांचे स्वतःचे वडीलही एकेकाळी तुरुंगात गेले होते. एका मुलामागे एक मोठा माणूस, आणि दोघांची नियमित भेट, एवढीच त्याची रीत.

मोठ्यांनी मुलांना अशी सोबत देण्याच्या उपक्रमांचा तेथे अभ्यासही झाला आहे. वर्षभर किंवा त्याहून अधिक टिकलेल्या सोबतीचा मुलांना सर्वाधिक लाभ झाला. तीन महिन्यांच्या आत सुटलेल्या सोबतीने मात्र मुलांचा आत्मविश्वास उलट कमी झाला. ज्या मुलाचे एक माणूस अचानक दूर गेले आहे, त्याला दुसरेही तसेच गेलेले सोसत नाही. म्हणून उत्साह थोडा कमी असला तरी चालेल, पण वर्षभराचा शब्द पाळता येत नसेल तर सुरुवातच करू नये.

पाठीराख्याने करायचे ते साधेच आहे. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी भेटावे, अभ्यास पाहावा, खेळावे. गुन्ह्याविषयी विचारू नये. मूल आपणहून बोलले तर ऐकावे. आई-वडिलांना त्याच्यादेखत नावे ठेवू नयेत, कारण त्याचे त्यांच्यावर प्रेम असतेच. ‘ते कधी सुटणार?’ याचे खोटे उत्तर देऊ नये. चवथीला माटोळी बांधायला घरात कोणी नसेल, तर घरच्यांना विचारून हात लावावा. भेटी घरच्यांच्या संमतीने आणि उघड्यावर, चार माणसांच्या नजरेसमोर व्हाव्यात.

विद्यार्थ्यांनो, वर्गमित्राच्या घरची गोष्ट कानावर आली तर ती पुढे नेऊ नका. त्याला खेळायला बोलवा. पालकांनी आपल्या मुलांना ‘त्याच्याशी बोलू नकोस’ असे सांगू नये. विश्वस्तांना आमची विनंती अशी की, उपक्रम हाती घेतल्यास मुलांची यादी फलकावर, अहवालात किंवा सभेत येऊ देऊ नये. अशा मुलांचा वेगळा गट करणे म्हणजे त्यांच्यावर शिक्का मारणेच होय. कोणतेही मूल अडचणीत दिसले तर १०९८ हा विनामूल्य क्रमांक रात्रंदिवस उपलब्ध आहे.

एका मुलासाठी एक माणूस वर्षभर, एवढे तरी आपल्या गावांना जड नाही.