परळचा लॅम आणि उसातली घोणस

दसरा-दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर घरांना कुलपं दिसायला लागतात. उचल घेतलेली असते, मुकादमाचा निरोप येतो आणि नवरा-बायकोचा एक कोयता धरून माणसं पश्चिम महाराष्ट्रातल्या नि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला निघतात. या स्थलांतरावर पुष्कळ लिहून झालं आहे. मला लिहायचं आहे ते फडात त्यांची गाठ ज्याच्याशी पडते त्या सापाविषयी, आणि त्यावरच्या औषधाविषयी. उसात उंदीर असतात, उंदरांमागे घोणस येते. पाचटाच्या रंगात ती अशी मिसळून जाते की पायाखाली येईपर्यंत कळत नाही. पहाटेच्या अंधारात कोयता जमिनीलगत चालतो आणि दुसऱ्या हाताने ऊस धरलेला असतो. दंश होतो तो याच हाताला, नाहीतर पायाला. रात्री कोपीत जमिनीवर अंथरूण टाकलं की मण्यारीची भीती वेगळीच.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. यातले बहुतेक खेड्यातले, शेतात राबणारे.

घोणशीचं विष काय करतं ते पाहायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. ग्रामीण रुग्णालयात एक साधी चाचणी करतात. काचेची नवी, स्वच्छ, कोरडी परीक्षानळी घ्यायची. ती साबणाने धुतलेली असली तर निकाल चुकतो. तीत रुग्णाच्या शिरेतलं दोन मिलिलिटर रक्त घालायचं आणि नळी वीस मिनिटं न हलवता उभी ठेवायची. मग एकदाच तिरकी करायची. निरोगी माणसाच्या रक्ताची गुठळी नळीला धरून राहते. घोणस चावलेल्याचं रक्त पाण्यासारखं वाहतं. विषातली विकरं रक्त गोठवणारे घटक क्रमांक ५ आणि १० भराभर कामाला लावतात, शरीरातला सगळा साठा त्यात खर्ची पडतो आणि मग हिरड्यांतून, लघवीतून, कधी मेंदूत रक्तस्राव सुरू होतो. पुढे मूत्रपिंडं जातात. याच विषाचा थेंब पातळ करून १९३४ मध्ये मॅकफर्लेन आणि बार्नेट यांनी हिमोफिलियाच्या रुग्णांचा रक्तस्राव थांबवून दाखवला होता.

उपचार एकच, एएसव्ही, म्हणजे सर्पविषविरोधी सीरम. घोड्याला थोडंथोडं विष टोचत जायचं, त्याच्या रक्तात त्या विषाविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या की रक्त काढून त्या वेगळ्या करायच्या. हाफकिनचे घोडे पिंपरीत आहेत, नारायणगावातही सीरमचा खासगी कारखाना आहे. आपल्याकडे मिळणारं सीरम नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांविरुद्ध एकत्र बनवतात. त्याचा एक मिलिलिटर घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करतो असं प्रमाण ठरलेलं आहे. एका दंशात घोणस सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते, हे राष्ट्रीय उपचारपद्धतीत गृहीत धरलं आहे. दहा मिलिलिटरच्या दहा कुप्यांपासून सुरुवात करण्यामागे हाच हिशेब आहे.

या हिशेबात एक गृहीतक दडलं आहे: घोणस कुठलीही असो, तिचं विष सारखंच. मला बरीच वर्षं नाद लागला आहे तो या गृहीतकाचा, आणि त्याच्याशी पहिल्यांदा भांडलेल्या माणसाचा.

फ्रेंच डॉक्टर अल्बेर काल्मेट १८९१ मध्ये व्हिएतनाममधल्या सायगॉनला पाश्चर इन्स्टिट्यूटच्या कामावर होता. तिथे पुराच्या पाण्याने नाग वस्तीत शिरले, माणसं चावली गेली, आणि पकडलेले नाग त्याच्याकडे आले. पुढे फ्रान्सला परतल्यावर त्याने त्या विषाविरुद्ध सीरम तयार केलं. १८९४ मध्ये त्याने आणि, स्वतंत्रपणे, फिसालिक्स व बेर्त्राँ यांनी हे तत्त्व जगासमोर ठेवलं. इथपर्यंत काल्मेटचं ऋण कोणीही मान्य करील. पण त्याचा पुढचा दावा असा होता की हे एकच सीरम सगळ्या सापांवर चालतं. फ्रान्समधल्या लिल शहरात बनलेल्या कुप्या वसाहतींत जाऊ लागल्या, हिंदुस्थानातही आल्या.

पहिला आक्षेप ऑस्ट्रेलियातून आला. चार्ल्स जेम्स मार्टिनने तिथल्या सापांवर प्रयोग करून दाखवलं की विष म्हणजे एकच पदार्थ नव्हे. त्यातले काही घटक उष्णतेने नष्ट होतात, काही टिकतात. काल्मेट विष सत्तर अंशांच्या वर तापवून वापरत होता. त्यामुळे रक्तावर घाला घालणारे घटक आधीच मेलेले असत आणि मज्जातंतूंवर काम करणारे तेवढे उरत. उरलेल्यावर सीरम चाललं, म्हणून ते सगळ्यावर चाललं असा निष्कर्ष त्याने काढला.

दुसरा आक्षेप आपल्या परळहून गेला. जुन्या गव्हर्नमेंट हाउसमधली प्लेग रिसर्च लॅबोरेटरी म्हणजे आजची हाफकिन इन्स्टिट्यूट. या वास्तूचं नाव निघालं की प्लेगची लस आणि हाफकिन आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत तिथेच इंडियन मेडिकल सर्व्हिसचा कॅप्टन जॉर्ज लॅम सापांच्या विषावर काम करत होता. १९०२ मध्ये त्याने हॅना या सहकाऱ्याबरोबर घोणशीच्या विषावर निबंध लिहिला. विषाची मात्रा मोठी असली तर रक्त शिरांतच गोठून जनावर मरतं, आणि लहान असली तर रक्त गोठण्याची शक्तीच हरवून बसतं, हे त्यात नोंदलं आहे. वर सांगितलेल्या परीक्षानळीचं मूळ मला इथे दिसतं.

१९०३ आणि १९०४ मध्ये सरकारच्या 'सायंटिफिक मेमॉयर्स' मालेत त्याच्या दोन पुस्तिका निघाल्या. विषय होता सर्पविषविरोधी सीरमची विशिष्टता, म्हणजे कुठलं सीरम कुठल्या विषावर चालतं. वाचायला त्या रुक्ष आहेत. विष आणि सीरम ठरावीक प्रमाणात एकत्र करायचं, मिश्रण जनावराला टोचायचं, जगलं की मेलं ते लिहायचं, पुढची ओळ. पण या ओळींमधून जे उभं राहतं ते काल्मेटच्या दाव्याच्या अगदी विरुद्ध आहे. नागाच्या विषाविरुद्धचं सीरम नागाच्या विषावर चाललं. घोणशीच्या विषावर ते चाललं नाही, इतर सापांच्याही नाही. ज्याचं विष त्याचं सीरम, हा नियम परळमध्ये जनावरांच्या जिवावर सिद्ध झाला. एका कॅप्टनने पाश्चरच्या शिष्याला खोटं पाडलं याचं मला फारसं अप्रूप नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की ज्या देशात माणसं मरत होती तिथल्याच सापांचं विष घेऊन त्याने प्रश्न विचारला. योगायोग असा की १९०५ मध्ये मार्टिन प्लेग आयोगाच्या कामासाठी मुंबईला आला आणि पुढे त्या कामाची धुरा लॅमकडेच गेली. काल्मेटला विरोध करणारे दोघंही काही काळ परळच्या एकाच आवारात वावरले. लॅमचं नाव आज प्लेगच्या इतिहासात सापडतं, सापांच्या संदर्भात क्वचितच.

आता आजचं पाहू. चार सापांचं एकत्र सीरम ही लॅमच्या नियमाला दिलेली दाद आहे. पण ती अर्धीच. सीरमसाठी लागणारं विष मुख्यतः चेन्नईजवळच्या इरुळा सहकारी संस्थेकडून येतं. १९७८ मध्ये उभ्या राहिलेल्या या संस्थेचं काम थोर आहे, तिच्यावर दोष नाही. प्रश्न हा की तमिळनाडूच्या घोणशीचं विष आणि दख्खनच्या पठारावरच्या घोणशीचं विष एकच का? बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या कार्तिक सुनगर यांच्या गटाने गेल्या काही वर्षांत सातत्याने दाखवलं आहे की तसं नाही. २०२५ मध्ये त्यांनी ३४ ठिकाणच्या ११५ घोणशींच्या विषाचा हवामानाशी संबंध जोडला. कोरड्या प्रदेशातल्या घोणशींच्या विषात प्रथिनं फोडणाऱ्या विकरांचा जोर अधिक आढळला. बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यातल्या वाचकाने हे वाक्य दोनदा वाचावं.

घोड्याच्या सीरमला दुसरीही मर्यादा आहे. घोड्याच्या रक्तातल्या अँटिबॉडींपैकी विषाला धरणाऱ्या थोड्याच असतात, बाकीच्या त्याला आयुष्यात झालेल्या इतर संसर्गांविरुद्धच्या. त्या सगळ्या परक्या प्रथिनांचा लोंढा रुग्णाच्या शिरेत जातो. अंगावर पित्त उठतं, हुडहुडी भरते, कधी रक्तदाब कोसळतो. डॉक्टर अ‍ॅड्रेनॅलिन हाताशी ठेवूनच सलाइन सुरू करतात.

यातून सुटायचा मार्ग म्हणजे नेमकी एकच अँटिबॉडी, हवी ती, हवी तितकी. मोनोक्लोनल अँटिबॉडी. कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये ती उंदराच्या पेशींतून मिळवली. मला मात्र त्यानंतरच्या युक्तीचं जास्त आकर्षण आहे. मिसुरी विद्यापीठातल्या जॉर्ज स्मिथने १९८५ मध्ये जिवाणूंना लागण करणाऱ्या एका विषाणूच्या, म्हणजे फाजच्या, जनुकात परका तुकडा घातला आणि त्या तुकड्याचं प्रथिन फाजच्या बाहेरच्या आवरणावर उमटलं. फाज म्हणजे जेमतेम ९०० नॅनोमीटर लांबीचा दोरा. त्याच्या टोकाला प्रथिन आणि पोटात त्याच प्रथिनाचं जनुक. १९९० मध्ये केंब्रिजला मॅककॅफर्टी, ग्रेग विंटर आणि सहकाऱ्यांनी या टोकावर अँटिबॉडीचा पकड घेणारा भाग बसवला. आता अब्जावधी फाज, प्रत्येकाच्या टोकावर वेगळी अँटिबॉडी, असा संग्रह एका लहानशा नळीत मावू लागला.

त्यातून हवी ती निवडायची कशी? प्लास्टिकच्या ताटलीतल्या खळग्याच्या तळाला विषातलं एक प्रथिन चिकटवतात. वरून फाज ओततात. थोडा वेळ थांबून धुतात. ज्यांची पकड बसली नाही ते वाहून जातात. चिकटलेले आम्लाने सोडवून घेतात, जिवाणूंमध्ये वाढवतात आणि पुन्हा तोच क्रम. सुपात धान्य पाखडावं तसं तीन-चार फेऱ्यांत फोल उडून दाणे उरतात. उरलेल्या फाजच्या पोटातलं जनुक वाचलं की अँटिबॉडीचा आराखडा हाती आला. या पद्धतीतून निघालेलं अ‍ॅडॅलिमुमॅब २००२ मध्ये संधिवातासाठी मंजूर झालं, आणि २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये स्मिथ व विंटर होते. त्याच वर्षी डेन्मार्कच्या अँड्रियास लाउस्टसेनच्या गटाने फाजमधून निवडलेल्या मानवी अँटिबॉडींनी ब्लॅक माम्बाच्या विषातल्या डेन्ड्रोटॉक्सिनपासून उंदरांना वाचवलं.

संग्रह माणसाच्याच जनुकांचा हवा असं नाही. डुकरावर फ्लूचा अभ्यास करणाऱ्यांना डुकराची मोनोक्लोनल अँटिबॉडी लागते, कारण डुकराच्या शरीरात माणसाची किंवा उंदराची अँटिबॉडी परकी ठरते. इथे निसर्गाने सोय करून ठेवली आहे. डुकराच्या अँटिबॉडीच्या जड साखळीची जनुकं एकाच कुळातली असल्याने मोजक्या प्राइमरवर, म्हणजे जनुकं नेमकी उचलणाऱ्या डीएनएच्या आखूड तुकड्यांवर, ती गोळा करता येतात. २०२५ मध्ये तर एक अल्पाका आणि एक लामा यांना आफ्रिकेतल्या सापांचं विष टोचून, त्यांच्या रक्तातून फाज संग्रह करून, आठ लहान अँटिबॉडींचं मिश्रण बनवलं गेलं. तपासलेल्या १८ पैकी १७ सापांच्या विषापासून त्याने उंदरांना वाचवलं. विष टोचलेलं जनावर आणि फाजची चाळणी, या दोहोंची सांगड कशी बसते त्याचा हा ताजा पुरावा.

भारताचा वाटाही मोठा आहे. २०२४ मध्ये सुनगर यांचा गट आणि अमेरिकेतली स्क्रिप्स संस्था यांनी ९५मॅट५ नावाची मानवी अँटिबॉडी जाहीर केली. तिची निवड फाजऐवजी यीस्टच्या पेशींवर झाली, तत्त्व तेच. नाग-मण्यारीच्या कुळातल्या सापांच्या विषात मज्जातंतूंना लकवा आणणारी जी लांब साखळीची विषं असतात, त्यांना ती आवळते. बातमी आली तेव्हा 'सगळ्या सापांवर एकच औषध' असे मथळे झळकले. लॅम वाचलेल्या माणसाला ते वाचून अस्वस्थ वाटतं. शास्त्रज्ञांनी तसं म्हटलेलं नव्हतं. ही अँटिबॉडी घोणशीच्या कामाची नाही, फुरशाच्याही नाही, कारण त्यांच्या विषाचा भर मोठ्या विकरांवर आहे. मेटॅलोप्रोटिनेज, सेरिन प्रोटिनेज, फॉस्फोलिपेज अशी कुळंच्या कुळं, प्रत्येकात अनेक रूपं. मज्जाविष लहान असतं, सापासापांत पुष्कळ सारखं असतं, म्हणून संशोधन तिकडे आधी वळलं. फडात मरणाऱ्या माणसाचं औषध मात्र अवघड बाजूला आहे.

माझं मत स्पष्ट आहे. पैसा आणि बुद्धी आधी घोणशीकडे वळली पाहिजे, आणि हे काम महाराष्ट्रात व्हावं. पिंपरी आणि नारायणगावच्या घोड्यांच्या रक्तात वर्षानुवर्षं विष टोचून पक्व झालेल्या पेशी फिरताहेत. काही नळ्या रक्तातून त्यांची जनुकं फाजवर चढवता येतील, आणि मराठवाड्यातल्या घोणशीच्या विषावर त्यांची निवड करता येईल. निवडलेली अँटिबॉडी मानवी साच्यात बसवावी लागेल, एक पुरणार नाही, चार-सहांचं मिश्रण लागेल, मग चाचण्या. काम वर्षांचं आहे. पण जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाडला बसून विंचूदंशावर जे केलं ते आठवा. प्रॅझोसिन एकटं की प्रॅझोसिनबरोबर विंचवाविरुद्धचं सीरम, याची तुलना तिथल्याच आपल्या रुग्णालयात करून २०११ मध्ये ती 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ला छापायला लावली. चाचणी खेड्यात होऊ शकते.

तोवर साधी कामं थांबू नयेत. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे आहेत. मग गाळप हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक कारखान्याच्या हद्दीतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एएसव्हीच्या किमान वीस कुप्या, अ‍ॅड्रेनॅलिन आणि काचेच्या नव्या परीक्षानळ्या आहेत की नाहीत, हे साखर कारखान्यांनी तपासावं. कारखान्याचे सभासद, संचालक, कामगार संघटनांचे कार्यकर्ते असे अनेकजण हा अंक वाचत असतील. त्यांनी आपल्या जवळच्या केंद्रात जाऊन एवढं विचारावं, आणि कुप्या नसतील तर टोळ्या फडात उतरण्याआधी त्या मागवून घ्याव्यात.