कारखान्याच्या दाराशी गणिताची परीक्षा

चिपळूणहून परशुराम घाट चढून खेडच्या दिशेने निघालेल्या प्रवाशास लोटे-परशुरामची जी औद्योगिक वसाहत लागते, ती मुख्यत्वे रासायनिक कारखान्यांची आहे. आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतला ‘अटेंडंट ऑपरेटर, केमिकल प्लांट’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून तेथे अर्ज घेऊन येणाऱ्या तरुणास कोणते गणित विचारावे, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक भासला, तरी त्याचा संबंध थेट माणसांच्या जिवाशी येतो.

कॉस्टिक सोड्याची लाय, म्हणजे त्याचे पाण्यातले द्रावण, बाजारात बहुधा ४८ टक्क्यांची मिळते. अशी १०० किलो लाय २० टक्क्यांवर आणावयाची, तर पाणी किती घालावे? ४८ मधून २० वजा करून २८ किलो असे उत्तर लिहिण्याचा मोह सूत्रे मुखोद्गत असलेल्यालाही होऊ शकतो. ज्याला प्रमाणाचा अर्थ उमगला आहे तो मात्र असा विचार करतो, की पाणी कितीही घातले तरी आतला ४८ किलो कॉस्टिक कायम राहणार. तो ज्याचा पंचमांश होईल ते वजन २४० किलो. सबब पाणी १४० किलो. हा हिशेब जुळताच पुढचा प्रश्न विचारावा : लायीत पाणी ओतावे, की पाण्यात लाय? मिश्रण होताना उष्णता निघते, म्हणून लायच पाण्यात, ढवळत ढवळत, सावकाश सोडावयाची, हे ज्याला ठाऊक नाही त्याचे १४० हे बिनचूक उत्तरही अपुरे होय.

टाकीचेही तसेच आहे. दोन मीटर व्यासाच्या उभ्या टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे सुमारे ३१ लिटर माल गेला. पण आडव्या गोल टाकीची डिप घेतली, म्हणजे पट्टी बुडवून पातळी मोजली, आणि माल उंचीच्या चतुर्थांशावर आढळला, तर तो टाकीत मावणाऱ्या एकंदर मालाचा चतुर्थांश नसून जेमतेम पंचमांश असतो. रिअॅक्टरची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली, तर आतला माल, आणि त्याबरोबर निघणारी उष्णता, आठपट होते, परंतु ती बाहेर काढणारा बाह्य पृष्ठभाग केवळ चौपट वाढतो. प्रयोगशाळेत निमूट वागणारी प्रक्रिया कारखान्यात अनावर होण्याचे एक मोठे कारण या साध्या गणितात दडलेले आहे.

म्हणून परीक्षा कामातूनच उगवलेली असावी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या खटल्यात, कृष्णवर्णीय कामगारांना वरच्या कामांपासून दूर ठेवणाऱ्या आणि कामाशी संबंध सिद्ध न झालेल्या चाचण्या बेकायदा ठरविल्या. तेथील कायदा आपला नव्हे. परंतु त्यामागील न्यायबुद्धी आपणांस परकी असण्याचे कारण नाही. घड्याळ लावून कूटप्रश्न घालण्यापेक्षा अर्जदारास कॅल्क्युलेटर द्यावा, प्रश्न मराठीत द्यावा, बॅच शीटवरचेच आकडे द्यावेत, आणि उत्तराबरोबर रीतही तपासावी. दशांशचिन्ह चुकून १४० च्या जागी १,४०० आले, तर ‘हे शक्य नाही’ असे त्याला आपण होऊन वाटते का, हे मुद्दाम पाहावे.

जो यात कमी पडेल त्याला एकदम दारातून परतवू नये. ‘वर्कशॉप कॅल्क्युलेशन’ हा विषय तो शिकून आलेला असतो. उणीव बहुधा सूत्र आणि प्रत्यक्ष काम यांचा सांधा जुळण्यात असते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यात शिकवून घेण्याची तजवीज केलेलीच आहे. कारखानदारांनी आपल्या खऱ्या कामातले हिशेब परिसरातील प्रशिक्षण संस्थांच्या शिक्षकांना आगाऊ पुरवावेत. म्हणजे परीक्षा केवळ नकार देण्याचे साधन न राहता सुरक्षित कामगार घडविण्याची पहिली पायरी होईल.