व्हिडिओ अडकतोय? पैसे खर्च करण्याआधी संगणक तपासा



आपल्या परभणी जिल्ह्यातल्या अनेक शाळांत एक खोली 'डिजिटल' लिहिलेली असते. २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' शासन निर्णयानंतर गावोगावी लोकवर्गणी जमली आणि संगणक, प्रोजेक्टर, स्पीकर आले. आता तो संगणक जुना झालाय. पाठ सुरू करावा, तर चित्र अडकतं, आवाज पुढे पळतो आणि मुलं गलका करतात. हळूहळू त्या खोलीला कुलूप लागतं.

आमच्याकडेही हेच झालं. दुकानदाराने सांगितलं, "सर, रॅम वाढवा, एसएसडी टाका, पळायला लागेल." आम्ही वर्गणीतून दोन्ही टाकलं. संगणक लवकर सुरू व्हायला लागला, पण व्हिडिओ होता तसाच अडकत राहिला. पुढे ग्राफिक्स कार्डासाठी पुन्हा वर्गणीचा विषय निघाला, तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एका आईने विचारलं, "सर, मागच्या पैशाचं काय झालं?" सोयाबीनच्या पैशातून वर्गणी देणाऱ्या माणसाचा हा प्रश्न रास्तच होता. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. ते शोधताना जे समजलं, ते इथे मांडतो. घरी टीव्हीला जुना संगणक जोडणाऱ्या पालकांनाही ते उपयोगी पडेल.

व्हिडिओ चालतो म्हणजे नेमकं काय होतं?

आधी थोडं गणित करू. पाचवीच्या मुलांकडूनही करून घेता येईल.

फुल एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. १९२० × १०८० = २०,७३,६०० ठिपके. मोबाइलचा व्हिडिओ सहसा सेकंदाला ३० चित्रं दाखवतो, म्हणजे सेकंदाला ६,२२,०८,००० ठिपके. एका ठिपक्याच्या रंगासाठी ३ बाइट धरले, तर सेकंदाला सुमारे १८७ एमबी आणि मिनिटाला ११ जीबीच्या वर माहिती होते.

पण मोबाइलवरची एका मिनिटाची फाइल साधारण १०० एमबीच्या आसपास असते. मग बाकीची माहिती गेली कुठे?

हजेरीचं उदाहरण घ्या. रोज चाळीस नावं वाचण्याऐवजी "आज गैरहजर कोण?" एवढंच विचारलं, तरी पट कळतो. व्हिडिओची फाइलही तशीच असते. एक पूर्ण चित्र दिलेलं असतं आणि पुढच्या चित्रांसाठी बहुतेक फक्त "काय बदललं" एवढंच नोंदवलेलं असतं. ही नोंद करण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. २००३ साली आलेला एच.२६४ आजही सगळीकडे चालतो. २०१३ सालचा एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, तेवढंच चित्र जवळपास निम्म्या जागेत बसवतो, पण ते उलगडायला जास्त आकडेमोड लागते. यूट्यूब एच.२६४ शिवाय व्हीपी९ आणि एव्ही१ हे कोडेकही वापरतं.

फाइल चालवताना संगणकाला या नोंदींवरून सेकंदाला ३० पूर्ण चित्रं पुन्हा तयार करावी लागतात. व्हिडिओ अडकण्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

हे काम करतो कोण?

दोन शक्यता आहेत. एकतर प्रोसेसर करतो. तो एकशिक्षकी शाळेतल्या गुरुजींसारखा आहे. शिकवणं, माहिती भरणं, दाखले देणं, सगळं त्याच्याकडे. काम होतं, पण दमछाक होते. दुसरी शक्यता म्हणजे ग्राफिक्स चिपमध्ये फक्त व्हिडिओ उलगडण्यासाठीच वेगळा भाग असतो. तो पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंसारखा. एकच काम, पण झटपट.

अडचण अशी, की या भागाला तो बनला त्या काळातले कोडेकच समजतात. नवा कोडेक आला की सगळा भार परत प्रोसेसरवर पडतो. इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने असं आहे:

- कोअर टू ड्युओच्या काळातले बरेच बोर्ड : एच.२६४ साठी पूर्ण मदत नाही.
- दुसरी पिढी (२०११) आणि पुढे : एच.२६४ सहज चालतो.
- सहावी पिढी : साधा एच.२६५ चालतो.
- सातवी पिढी : एच.२६५ आणि व्हीपी९ दोन्ही चालतात.

आता आमची चूक बघा. व्हिडिओला सेकंदाला एक-दोन एमबी माहिती लागते आणि जुनी हार्ड डिस्कसुद्धा सेकंदाला कितीतरी पट जास्त वाचते. म्हणजे डिस्क अडत नव्हतीच. एसएसडीने संगणक लवकर उघडला, एवढंच. रॅमही दुसरं काही उघडं नसताना भरत नव्हती.

आधी निदान करा

व्हिडिओ चालू ठेवा आणि कंट्रोल, शिफ्ट व एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' बघा.

१. प्रोसेसर ९०-१०० टक्क्यांवर, चित्र अडकतं पण आवाज नीट : उलगडण्याचं काम झेपत नाही.
२. मेमरी जवळपास भरलेली आणि डिस्कचा दिवा सतत लुकलुकतो : रॅम कमी पडते. इथे रॅम वाढवण्याचा उपयोग होतो.
३. मध्येच गोल फिरत राहतं, प्रोसेसर मात्र निवांत : इंटरनेट कमी पडतंय. संगणकावर खर्च करू नका, व्हिडिओ आधीच उतरवून ठेवा. दीक्षा अ‍ॅपमध्ये डाउनलोडची सोय आहे.
४. सुरुवातीला नीट, दहा-पंधरा मिनिटांनी अडकतं, पंख्याचा आवाज वाढतो : संगणक तापतोय. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात आणि धुळीत हे हमखास होतं. प्लग काढून ब्लोअरने धूळ उडवा, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलून घ्या.

फाइल कोणत्या कोडेकची आहे हे व्हीएलसी प्लेअरमध्ये कंट्रोल आणि जे दाबलं की दिसतं. यूट्यूबवर व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' निवडा. कोडेकसमोर एव्हीसी१ असेल तर एच.२६४, व्हीपी०९ असेल तर व्हीपी९, एव्ही०१ असेल तर एव्ही१. किती चित्रं गळाली तेही तिथेच कळतं.

बिनखर्चाचे उपाय

आमचा हरभरा रुजण्याचा व्हिडिओ आम्हीच मोबाइलवर काढला होता आणि नेमका तोच सगळ्यात जास्त अडकायचा. बघितलं, तर फाइल एच.२६५ ची. मग प्रोजेक्टरचं माहितीपत्रक काढलं. त्याचं मूळ रिझोल्यूशन १०२४ × ७६८. म्हणजे फुल एचडीचे वीस लाख ठिपके तयार करण्यात संगणक घामाघूम होत होता आणि पडद्यावर त्यातले निम्मेसुद्धा उमटत नव्हते!

प्रोजेक्टर घेतानाही हे लक्षात ठेवा. खोक्यावर 'फुल एचडी सपोर्ट' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ तो तसा सिग्नल घेतो एवढाच. 'नेटिव्ह' समोरचा आकडा खरा.

आम्ही केलं ते असं:

- हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर एका शिक्षकाच्या नव्या लॅपटॉपवर टाकलं आणि 'फास्ट ७२०पी३०' निवडून फाइल बदलून घेतली. ती एच.२६४ मध्ये तयार होते. १२८० × ७२० म्हणजे ९,२१,६०० ठिपके, फुल एचडीच्या निम्म्याहून कमी.
- मोबाइल कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं 'हाय एफिशियन्सी' बंद केलं आणि सेकंदाला ६० ऐवजी ३० चित्रं ठेवली.
- व्हीएलसीच्या 'इनपुट / कोडेक्स' सेटिंगमध्ये हार्डवेअर डिकोडिंग 'ऑटोमॅटिक' केलं. चिपमध्ये सोय असेल, तर ती वापरली जाते.
- पेन ड्राइव्हवरून थेट न चालवता फाइल आधी संगणकात घेतली.

त्याच जुन्या कोअर टू ड्युओवर हरभऱ्याचा कोंब न अडखळता वर आला. दुसरी वर्गणी गोळा करावी लागली नाही.

मग अपग्रेड कधी करावं?

घरचा टीव्ही खरोखर १९२० × १०८० चा असेल आणि संगणकाला फुल एचडी झेपत नसेल, तर ग्राफिक्स कार्डाचा उपयोग होतो. खेळांसाठीचं महागडं कार्ड नको. पण कोडेक विचारूनच घ्या. जीटी ७१० हे कार्ड एच.२६४ उलगडतं, एच.२६५ आणि व्हीपी९ नाही. जीटी १०३० हे तिन्ही उलगडतं, पण एव्ही१ त्यालाही जमत नाही. दुकानात जाताना हे तपासा:

- बोर्डवर पीसीआय एक्स्प्रेसचा लांब स्लॉट आहे का?
- कॅबिनेट बारीक असेल, तर 'लो प्रोफाइल' कार्डच बसेल.
- कार्डाला वेगळी वीजजोडणी लागत नाही ना?
- टीव्ही किंवा प्रोजेक्टरला एचडीएमआय आहे की फक्त व्हीजीए? एचडीएमआयमधून आवाजही जातो, व्हीजीएमधून जात नाही.
- संगणक सोबत न्या, कार्ड लावून तुमचाच व्हिडिओ चालवून बघा. जुन्या बोर्डवर नवं कार्ड कधीकधी सुरूच होत नाही.

बोर्ड, प्रोसेसर, पॉवर सप्लाय सगळंच डळमळीत असेल, तर सुटे भाग घेत बसू नका. कार्यालयांतून निघालेला सहाव्या-सातव्या पिढीचा वापरलेला संगणक बघा. फक्त व्हिडिओच बघायचे असतील, तर टीव्हीला लावायचा अँड्रॉइड बॉक्सही चालतो. एक सावधगिरी: विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट बंद आहेत. अशा संगणकावर उतरवलेले व्हिडिओच चालवा, बँकेचे व्यवहार करू नका.

पुढच्या बैठकीत मी त्या ताईंना सांगितलं, की मागच्या पैशातून संगणक लवकर उघडतो, पण व्हिडिओसाठी तो खर्च चुकीच्या जागी झाला होता, आणि तपासायच्या आधी खरेदी केली ही चूक माझी. मग सगळ्यांना हरभऱ्याचा व्हिडिओ दाखवला.

तुमच्याही शाळेची डिजिटल खोली बंद असेल, तर उद्या कुलूप उघडा, एक व्हिडिओ लावा आणि टास्क मॅनेजर बघा. दहा मिनिटांचं काम आहे. वर्गणीची पावतीपुस्तकं त्यानंतर काढा.