चुलवाणापाशी एक सकाळ

पौषातल्या एका सकाळी करवीर तालुक्यातील पंचगंगाकाठच्या एका गुऱ्हाळावर मी गेलो, तो गुळासाठी नव्हे (गूळ खाल्ला, हे कबूल केले पाहिजे), तर धुरांडे पाहण्यासाठी. कारण ज्या गुऱ्हाळाच्या काजळीने शेजारच्या वस्तीतील दोरीवरची धुणी काळी होत आणि ज्याबद्दल तक्रारअर्जही गेले होते, त्याच्या मालकाने जुने चुलवाण मोडून नवे बांधल्याची खबर मला लागली होती.

चरकातून आलेला रस काहिलीत पडला की मुख्य काम उरते ते पाणी उडवण्याचे. हजार लिटर रसात सुमारे आठशे लिटर पाणीच असते, आणि उकळत्या पाण्याच्या एका लिटराची वाफ करण्यास सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. म्हणजे गूळ करणे हा धंदा, नीट पाहिले तर, पाणी जाळण्याचाच आहे. आणि त्यासाठी लागणारे जळण, अर्थात चिपाड, उसाने स्वतःच पुरवावे अशी निसर्गाची तजवीज आहे. जुन्या चुलवाणाला मात्र ती तजवीज पुरत नसे. तो एक खड्डा होता; राखेच्या ढिगावर चिपाडाचे भारे कोंबायचे, वारा मिळेल तेवढा तोंडातूनच मिळायचा, त्यामुळे अर्धवट जळालेला कर्ब काजळी होऊन आणि निम्मी उष्णता तप्त वायूंबरोबर धुरांड्यावाटे गावावर जात असे.

नव्या चुलवाणात जळण बिडाच्या जाळीवर पडते. राख खाली झडते आणि तिथल्या दारातून हवा जाळीवाटे वर शिरते. विटांचे धुरांडे उंच असून त्यात ओढ कमीजास्त करणारी लोखंडी झडप आहे. धुरांड्याकडे निघालेले वायू वाटेत दुसऱ्या काहिलीखालून नेले आहेत, जेणेकरून पुढच्या आधणाचा रस आधीच कढत होऊन बसतो. एवढाच सारा कारभार. यंत्र असे त्यात काही नाही.

परंतु माझी नजर खिळली ती जाळ घालणाऱ्या वृद्ध गड्यावर. तो भारे कोंबीत नव्हता; उन्हात दोन-तीन दिवस वाळवलेले चिपाड मूठ-मूठ घेऊन, जाळीवर पातळ पसरेल अशा बेताने, जाळाचा आवाज ऐकत टाकीत होता. ताज्या चिपाडात निम्मे पाणीच असल्याने ते घातल्यास आगीला रसाआधी त्याचेच पाणी उडवावे लागते, हे त्याला कोणत्याही पुस्तकाविना ठाऊक होते. "मामा, इतकं थोडं थोडं का?" असे मी विचारले, तेव्हा मान न वळवता तो म्हणाला, "काळा धूर निघाला की मालकाचं चिपाड आन् माझी कंबर, दोन्ही फुकट." तेवढ्यात गुळव्याने पाक पारखून हात वर केला. पाक ११८ अंशांच्या आसपास आला की क्षणाचाही विलंब चालत नाही. म्हाताऱ्याने झडप ओढली, जाळ बसला आणि काहील वाफ्यात ओतली गेली.

धूर अजिबात नव्हता असे लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. नवी मूठ पडली की क्षणभर करडा झोत उठे आणि विरे. माझ्या मते यात बांधणीचा वाटा निम्मा आणि त्या हाताचा निम्मा. चांगले चुलवाण अडाण्याच्या हाती दिल्यास ते पुन्हा गाव काळे करील. काही ठिकाणी चिपाड कमी पडले म्हणून जुने टायर जाळतात, तो तर शुद्ध गुन्हा आहे. ज्या गुळासाठी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसविली, त्याला असल्या धुराचा वासही लागता कामा नये.

निघताना मालकाने मला गुऱ्हाळामागे नेले. पूर्वी हंगामाच्या अखेरीस त्याला लाकूड विकत घ्यावे लागे. त्या दिवशी तिथे वाळलेल्या चिपाडाच्या तीन गंजी शिल्लक होत्या.